आवडीच्या आज्याचा दगड

गणपती जाऊन पाच दिवस झाले तरी सावित्रीचं पाणी उतरलं नव्हतं. एरवी गौरी गेल्या की तळकोंडीच्या तरीवर, होडीच्या उतारावर, नदी कमरेला येते, बायका लुगडी वर खोचून पायीच पलीकडे जातात आणि तरीवाल्या हैबतीची होडी काठाला नुसती डुलत राहते. यंदा भात पोटरीत आलं तरी पाऊस हटत नव्हता. सकाळपासून सात फेऱ्या झाल्या होत्या. हैबतीचा उजवा खांदा दुखत होता. आंब्याच्या अखंड खोडाची कोरलेली ती होडी रिकामी असली तरी जड चालायची, आणि पाण्याला ओढ होती.

आठव्या फेरीला महाडची दोन माणसं आली. एक बंदरावरचा इस्माईल. त्याच्या बापजाद्यांचे पाच मचवे होते. आता एक उरला होता, तो रेती वाहायचा. दुसरे वैद्य मास्तर, महाडच्या शाळेत इतिहास शिकवणारे. डोक्यावर छत्री, काखेत मेणकापडात गुंडाळलेली वही. गेले दोन महिने दर सुट्टीला ते इस्माईलबरोबर दासगावपासून महाडपर्यंत पाण्यातून फिरत होते. कुठे जुना धक्का दिसला, कुठे पडकं देऊळ दिसलं, की उतरायचे आणि लिहून घ्यायचे. बंदरावर त्यांना पाण्यातले मास्तर असं नाव पडलं होतं.

"हैबती, ह्यांस्नी नदीचं याड लागलंय," इस्माईल म्हणाला. "खालची संपली, आता वरची बघायची म्हणतायत."

मास्तरांनी होडीत पाय ठेवताठेवताच विचारलं, "काय हो, पूर्वी होड्या कुठपर्यंत जात असत? म्हणजे महाडच्या वर?"

होडीत आणखी चार माणसं होती. त्यातला एक खो खो हसला. "वर? वर काय, कशेडीचा घाट चढायच्या?"

हैबतीच्या तोंडाशी तसलंच काहीतरी आलं होतं. तीस वर्षं तो हेच बोलत आला होता. या वेळी तो बोलला नाही. बांबू रोवत, अंग मागे टाकत त्याने होडी पलीकडे लावली. माणसं उतरली. मास्तर उतरायला लागले तेव्हा तो म्हणाला, "माझी बायको म्हणायची, जायच्या. देवकोंड तिचं माहेर. पोलादपूरच्या वर, कापडे गावाच्या वाटेला. तिथं होडी बांधायचा दगड हाय म्हणायची. भोक पाडलेला. तिचा आजा होडी चालवायचा म्हणायची."

"तुम्ही पाहिलात?"

"नाय."

"अरे, तीस वर्षं सासुरवाडी आणि दगड नाय बघितलास?" इस्माईल म्हणाला.

हैबतीने बांबूचा चिखल धुतला. आवडीने दोनदा दाखवायला चला म्हटलं होतं. जावयाने शेतातला चिखल तुडवत एक दगड बघायला जायचं, हे त्याला तेव्हा बरं दिसलं नव्हतं.

"त्यांना विचारता येईल का? बाईंना?" मास्तर म्हणाले.

"गेली ती. मागल्या वर्षी, श्रावणात."

मागल्या श्रावणात लावणी आटपता आटपता आवडीला ताप भरला. वैदूचा काढा झाला, अंगारा झाला. पाऊस असा की पोलादपूरच्या सडकेवर दरड आलेली, मोटार बंद, ओढ्यावरचा साकव वाहून गेलेला. सहाव्या दिवशी ती म्हणाली, "अवो, मला देवकोंडीला न्या. आयेला बघायचंय."

"कशी नेऊ? साकव नाय, डोली कुठनं उतरंल?"

"होडीतनं न्या. आजा न्यायचा माणसं."

पडवीत चार शेजारी बसले होते, विचारपूस करायला आलेले. हैबती त्यांच्याकडे बघून हसला. "तापात बोलतेय," तो म्हणाला. "होडी डोंगरात जाते होय गो?" शेजारीही हसले. आवडीने तोंड भिंतीकडे केलं. त्यानंतर ती चार दिवस होती. पाणी मागितलं, पेज मागितली. माहेर पुन्हा मागितलं नाही.

"मास्तर," हैबती म्हणाला, "माझी होडी घालू वर. जाते का नाय ते मला ठाव नाय. परवाच्या रोजी या. इस्माईलभाय, तू पायजेस. एकल्याच्यानं बांबू पेलायचा नाय."

तरीवर बसायला त्याने भावकीतल्या चांगूला सांगितलं.

निघायच्या सकाळी रंगूबाईने तांदळाच्या भाकऱ्या थापल्या. ही हैबतीची थोरली बहीण, नवरा वारल्यापासून त्याच्याच घरी असायची.

"वर्षाच्या दिवसाला रावजी आला नाय," ती तव्यावरून नजर न उचलता म्हणाली. रावजी हा आवडीचा धाकटा भाऊ. "सांगावाबी धाडला नाय. तुला उंबऱ्याच्या आत घेल का तो?"

"भाइर बसन."

"भाइर बसतोय! जावई माणूस." तिने भाकरी फडक्यात बांधली. "मास्तरांस्नी बोंबलाची चटणी चालंल का रे?"

"त्यांस्नी गूळ दे."

हैबती आत गेला. माणूस गेल्यावर बाईचं एक लुगडं तिच्या माहेरी पोचवायचं, अशी त्यांच्याकडे रीत. नवऱ्याने स्वतः न्यायचं, महिन्याच्या आत. वर्ष होऊन गेलं होतं. पेटीत कडुलिंबाचा पाला घालून रंगूबाईने ठेवलेलं हिरवं लुगडं त्याने काढलं. पाला झटकला. घडी कशी धरायची ते त्याला कळेना. आवडीचे कपडे त्याने कधी हातात घेतले नव्हते. रंगूबाई मागे येऊन उभी होती. तिने घडी काढून घेतली, नीट केली, धोतराच्या जुन्या फडक्यात बांधली आणि परत चुलीकडे गेली.

होडीच्या मध्यावर त्याने दोन फळ्या टाकल्या, वर गवत, गवतावर घोंगडं. घोंगड्यावर ते बोचकं ठेवलं आणि वरून पावसाचं इरलं पालथं घातलं.

मास्तर चढले ते तिकडेच वळले.

"तिथं नको, मास्तर. फुडं बसा."

"मधे बसलेलं बरं ना? तोल राहील."

"तिथली जागा धरलीय."

इस्माईलने इरल्याकडे बघितलं, हैबतीकडे बघितलं. त्याच्या जिभेवर नेहमी काहीतरी असायचं. आता त्याने नुसता बांबू उचलला.

तास-दीड तास पाणी खोल आणि संथ होतं. दोघे दोन टोकांना उभे राहून बांबू मारत होते. काठाची शेतं हिरवीगार उभी होती, बांधावर बायका गवत कापत होत्या. होडी वर जाताना बघून त्या विळे थांबवून उभ्या राहायच्या. एकीने ओरडून विचारलं, "अवो, वाट चुकलात का? बंदर खाली हाय!"

"बंदर कंटाळलं आमाला!" इस्माईल ओरडला.

मास्तर एकेक विचारायचे आणि लिहायचे. या वळणाला काय म्हणतात, हा पार कुणाचा. हैबती जेवढ्यास तेवढं सांगत होता. त्याचं लक्ष पुढच्या वळणावर होतं. तिथे नदीच्या मधोमध बगळ्याचा धोंडा होता. त्याच्या दोन्ही अंगांनी पाणी फुटून फेसाळत खाली येतं. तिथवर त्याला नदी हाताच्या रेषांसारखी ठाऊक होती. पुढची ठाऊक नव्हती.

खरं तर त्याला वाटत होतं, होडी धोंड्याला अडावी. तिथेच तळ घासावा, मास्तरांनी वही मिटावी आणि परत फिरावं. मग तो घरी जाऊन बसेल आणि स्वतःला सांगेल, जातच नव्हती, मी काय करणार होतो. आणि तेवढंच असंही वाटत होतं की होडी जावी, आवडीचा शब्द खरा व्हावा. दोन्ही एकदम होणार नव्हतं.

धोंड्याच्या डाव्या अंगाला इस्माईलने बांबू घातला. "इकडनं. इकडं खोल हाय."

"तुला काय ठाव?"

"तू मार रे."

दोघांनी जोर केला. होडीचं नाक वर उचललं, पाणी दोन्ही अंगांनी आत उडालं, मास्तरांनी वही छातीशी धरली. हैबतीच्या खांद्यात कळ आली. तळाला एकदा दगड लागला, खर्रकन वाजला, आणि होडी वरच्या डोहात गेली. डोह शांत होता. वर जांभळीच्या फांद्या पाण्याला टेकल्या होत्या.

हैबती उभाच राहिला. "बारा वर्षांचा असताना मी होडी इथनं वर काढायला गेलो होतो," तो म्हणाला. "बापानं काठावर घेऊन कानाखाली काढली. इथनं फुडं होडी घालायची नाय म्हणाला. पुन्यांदा कधी घातली नाय."

"मग बरोबरच बोलला तो," इस्माईल म्हणाला. "इथनं फुडं वरच्या तरीवाल्यांचं पाणी. तुमचं धोंड्यापर्यंत. तुमच्या होडीनं वरचं माणूस उचललं असतं तर डोकी फुटली असती. तुमाला बलुतं ह्या गावांचं, त्यांस्नी त्या गावांचं."

"म्हंजे पाण्यापायी नाय?"

"पाण्यापायी कसलं? अरे, पाऊसकाळात मी आलोय की बाबाबरोबर. आठ-नऊ वर्षांचा असन, तू तवा पाळण्यात. मिठाची पोती तुमच्या होडीतनं धोंड्यापर्यंत, मग ह्या डोहात वरच्यांच्या होडीत भरायची. वरनं हिरडा यायचा, तांदूळ यायचा. मग सडक झाली, मोटार आली. वरच्यांचा तरीचा धंदा मोडला. मोटारीत बसायचं सोडून होडी कोण ढकलंल?"

मास्तर भराभर लिहीत होते. पेन्सिलीचं टोक मोडलं, त्यांनी दुसरी काढली. "पाण्याला हद्द!" ते म्हणाले. "हैबतराव, हे कुठल्याही कागदात नाही. केवढी मोठी गोष्ट आहे ही!"

हैबतीला ते ऐकू गेलं नाही. "मला कधी बोलला नायस," तो इस्माईलला म्हणाला.

"तू कधी इचारलंस?"

त्याचं खरं होतं. हैबतीने कुणालाच विचारलं नव्हतं. बापाची एक थप्पड त्याने नदी समजून चाळीस वर्षं सांभाळली होती.

दुपारनंतर डोह संपले. उथळ, दगडाळ खळाळ लागले. तिथे बांबू चालेना. हैबती आणि इस्माईल पाण्यात उतरले, दोर खांद्यावर घेतला आणि होडी ओढायला लागले. मास्तरांनी धोतराचा काचा मारला आणि मागून ढकलायला लागले.

"मास्तर, तुमी राहू द्या. पाय घसरंल."

"घसरू दे. शाळेत सांगायला होईल."

घसरलाच. गुडघा फुटला. इस्माईलने त्यांना काखेत धरून उभं केलं. "शाळेत सांगा, लढाईत लागलं." मास्तर ओठ चावून हसले. हैबतीच्या नडगीला दगड लागून सोलटून निघालं होतं. दोराने खांद्याचं कातडं लाल झालं. दर खळाळाला तो आधी इरलं उचलून बोचकं बघायचा, कोरडं आहे ना, आणि मग दोर घ्यायचा. इस्माईल तेवढा वेळ थांबायचा.

पोलादपूरच्या अलीकडे दिवस मावळला. काठावरच्या देवळाच्या मंडपात तिघे आडवे झाले. सकाळी उजाडता उजाडता पुन्हा पाण्यात. आता नदी अरुंद होती. दोन्ही बाजूंनी डोंगर जवळ आले होते, ढग त्यांच्या कमरेशी अडकले होते. हैबती चालताना दिवस मोजत होता. काल एक दिवस. आज सकाळ. कालची सकाळ मास्तरांच्या लिहिण्यात गेली नसती तर आणखी लवकर. माणसं चार असती तर आणखी लवकर. आणि त्या श्रावणात तर पाणी यापेक्षा वर होतं, निम्मे खळाळ बुडालेले असणार.

चार दिवस होती ती.

दुपारच्या जेवणाच्या सुमाराला देवकोंड आली. काठावर रावजी म्हशीसाठी गवताचा भारा बांधत होता. होडी वळणावरून पुढे आलेली बघून तो उभा राहिला. विळा तसाच हातात. होडी काठाला लागली तरी तो हलला नाही. हैबती गुडघाभर पाण्यात, दोर खांद्यावर, दम लागलेला.

"आता आलात, दाजी?" रावजी म्हणाला.

हैबतीने खांद्यावरचा दोर सावरला. "होडी येते," तो म्हणाला.

"येते म्हंजे? यायचीच की."

"मला ठाव नव्हतं."

"ताईला ठाव व्हतं." रावजीने विळा कमरेला खोचला. "ती आजारी असल्याचा सांगावा आला तवा आये सात रोज काठाला येऊन बसली. सडक बंद हाय, तर पाण्यानं आणतील म्हणायची. तिला वाटलं, जावई तरीवाला हाय."

इस्माईलने खाली बघितलं. मास्तरांनी छत्री मिटली. हैबती पाण्यातच उभा होता. त्याच्या मनात आलं, इथूनच परत फिरावं. दोर खांद्यावर होताच. पण बोचकं अजून होडीत होतं.

मास्तरांनीच विचारलं, "इथे होडी बांधायचा दगड आहे म्हणतात?"

"हाय. चला."

काठ चढून वर भाताचं खाचर होतं, त्याच्या कडेला रावजीचा गोठा. गोठ्यापुढे छातीएवढा काळा दगड उभा होता. वरच्या टोकाशी मूठ जाईल एवढं भोक. भोकाची खालची कड दोराने घासून घासून गुळगुळीत झाली होती. त्या भोकातून दावं ओवलं होतं आणि दाव्याला म्हैस होती. ती रवंथ करत होती.

हैबतीने भोकात हात घातला. आतून दगड काचेसारखा तुळतुळीत होता. बोट फिरवलं की दोराची वाट कळत होती, खालच्या अंगाला, नदीच्या दिशेला. हा दगड आवडीने तीस वर्षं सांगितला होता. भात कांडताना सांगितला होता, होडीत बसून बाजाराला जाताना सांगितला होता, आणि चार माणसं बघून तो दर वेळी हसला होता.

मास्तरांनी फितीने माप घेतलं. उंची, जाडी, भोकाचा घेर, पाण्यापासून अंतर. वही मांडीवर घेऊन ते म्हणाले, "माहिती कोणी दिली तेही लिहावं लागतं. तुमचं नाव घालतो. हैबती, तरीवाले, तळकोंड."

"माझं नको. आवडीचं घाला."

"बरं. आवडीबाई हैबती..."

"तसं नको, मास्तर." हैबतीने दगडावरचा हात काढला नाही. "आवडी, देवकोंडीची. तिचा आजा इथं तरीवर व्हता. एवढंच लिवा."

मास्तरांनी लिहिलं. लिहिलेलं वाचून दाखवलं. रावजी म्हशीच्या पाठीवरच्या माश्या हाकत होता, त्याचा हात थांबला.

हैबती खाली गेला आणि बोचकं घेऊन आला. गोठ्याला लागूनच घर होतं. पडवीत बयाबाई, आवडीची आई, पाय पसरून बसली होती. तिला आता जवळचंच दिसायचं. हैबतीने बोचकं तिच्या मांडीवर ठेवलं आणि पडवीच्या उंबऱ्याच्या बाहेर उकिडवा बसला.

म्हातारीने गाठ सोडली. लुगड्याचा काठ दोन बोटांत धरून चोळला, मग डोळ्यांजवळ नेला. "हे मी घेतलेलं," ती म्हणाली. "पोलादपूरच्या बाजारात. तिच्या चोळीसंगं." मग म्हणाली, "मोटारीनं आलास?"

"नाय, मामी. होडीतनं."

"मग भिजलं कसं नाय?"

"मधी ठेवलं व्हतं. घोंगड्यावर."

म्हातारी लुगड्यावरून हात फिरवत राहिली.

"तिनं मागितलं व्हतं यायला," हैबती म्हणाला. "होडीतनं न्या म्हणाली. मी हसलो. माणसं बसली व्हती, त्यांच्या देखत हसलो."

वर पत्र्यावर पावसाची सर आली आणि गेली. म्हातारी रडली नाही, तिने बोल लावला नाही. लुगड्याची घडी पुन्हा घातली, पहिल्यासारखी, आणि मांडीखाली सरकवून ठेवली, जणू कुणी काढून घेईल.

"रावजी," ती म्हणाली, "पाय धुवायला पाणी दे त्यांस्नी. सोलटलंय सगळं. मला इथनं रगात दिसतंय."

रावजी तांब्या भरून घेऊन आला. हैबतीने पाय पुढे केले नाहीत.

"आधी होडी बांधतो," तो म्हणाला. "पाणी चढलं तर वाहून जायची."

तो काठाला गेला. होडीचा दोर पुरत नव्हता. त्याने ओढायचा दोर सोडून त्याला जोडला, गाठ ओढून बघितली आणि दोर खाचराच्या बांधावरून वर आणला. म्हशीचं दावं सोडलं. ओला दोर भोकातून ओवताना तो त्याच घासल्या वाटेवर आपोआप जाऊन बसला. दोन वेढे आणि एक फास. खाली होडीने दोर ताणला, सैल केला, पुन्हा ताणला.

रावजी सुटलेल्या म्हशीचं दावं हातात धरून उभा होता.

"दाजी, मग म्हस कुठं बांधू?"

"आजच्या रोज तिला दुसरीकडं बांध," हैबती म्हणाला.